क्लचाविना दौंड

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. शिरूरच्या नाक्यावर चहाच्या हॉटेलात ट्रकवाल्यांचा एक बाक होता आणि त्या बाकावर रोज एकच विषय चघळला जायचा: आमच्या मालकांनी लष्कराच्या लिलावातून उचललेला जुना ट्रक आणि त्याचा गिअर. नव्या गाड्यांत क्लच दाबला की गिअर मुकाट पडतो. ह्याच्यात कुठलं! क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच दाबा, मग मर्जी झाली तर पडणार. नाहीतर असा करकरायचा की अंगावर काटा यावा. करकरला रे करकरला की बाकावरचे सगळे ओरडायचे, "चहा!" वाजवणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, हा नाक्याचा कायदा होता.

"सासू हाय ती, सासू," एक जण म्हणायचा. दुसरा दंड थोपटायचा, "जोर लावा. दोन्ही हातांनी ढकला, कसा पडत न्हाई बघू." सगळ्यांत जुने ड्रायव्हर म्हणजे आबा. ते बिडी विझवत म्हणायचे, "जोर काय लावताय गाढवांनो? इंजिनाचा आवाज ऐका. त्यो जुळला की बोटानं पडतोय गिअर." आबांना सगळे हसायचे. मी मात्र कान देऊन ऐकायचो.

मी तेव्हा त्याच मालकांकडं हमाल होतो. हेवी लायसन नुकतंच निघालं होतं. आमच्या बौद्धवस्तीत ट्रक भरणारे पुष्कळ, चालवणारा एकही नाही, आणि हे मला फार डाचायचं. मालकांचा ड्रायव्हर त्या गिअरला वैतागून नोकरी सोडून गेला, तसा मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "मी चालवतो."

"तू?" मालकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं. उद्या कांदा दौंडच्या माल धक्क्यावर न्यायचाय. वॅगन लागलीय, दुपारपातूर पोचलं पायजे. मी शेजारी बसतो. नीट नेलास तर ट्रक तुझ्या हातात. न्हाई तर पोती उचलायची, आन् परत ह्यो विषय काढायचा न्हाई."

"व्हय मालक," मी म्हटलं. मनात म्हटलं, थांबा, दाखवतोच.

सकाळी नाक्यावरून निघालो तेव्हा बाक गच्च भरलेला. सगळे 'चहा' ओरडायला टपून बसलेले. मी पहिल्यावरून दुसरा टाकला, दुसऱ्यावरून तिसरा. हूं नाही की चूं नाही. त्यांची तोंडं तशीच उघडी राहिली आणि मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

न्हावरं मागं पडलं आणि खाली खटकन आवाज झाला. क्लचचं पेडल जे आत गेलं ते वर येईचना. पेडलचा दांडा तुटला होता; आता गिअर टाकायचे ते क्लचाविनाच. पुढं उतार, खाली ओढा, आणि ओढ्यातून वर खडा चढ. मागं कांद्याची पोती छतापर्यंत. चढावर खालचा गिअर पडला नाही तर गाडी उलटी मागं ओढ्यात जाणार, हे मालकांनाही कळत होतं.

"थांबव!" मालक ओरडले.

"हितं थांबून कोण दुरुस्त करणार? वॅगन जाईल की!"

ओढा पार झाला. चढ लागला. इंजिन कण्हायला लागलं. मी पाय हलका केला, दांडी न्यूट्रलला आणली, रेस दिली. मालक सीटवर अर्धे उठले. "जोर लाव! दोन्ही हातांनी ढकल!"

"गप बसा!" मी मालकांवर खेकसलो. "आवाज ऐकू द्या मला!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी असा बोललो. ते परत सीटवर बसले. आवाज चढला, किंचित उतरला, जुळला. मी दांडीला नुसता हात लावला आणि दुसरा गिअर पडला. थोडं वर गेल्यावर पुन्हा तोच खेळ, आणि पहिलाही पडला. करकर नाही, धक्का नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा मी असा जोरात हसलो की मालकही हसायला लागले.

दौंडच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा वॅगनची दारं उघडीच होती. आम्ही पोती उतरवली, तोवर एका वेल्डरनं दांडा जोडून दिला. मी गाडी सुरू केली, तर मालक चढेनात.

"मी येष्टीनं जातो," ते म्हणाले. "एका गाडीला दोन माणसं कशाला?"

मी एकटा निघालो. वाटेत गळा फाडून गाणी म्हटली, भसाड्या आवाजात. दिवस मावळायच्या आत ट्रक थेट वस्तीत घातला आणि हॉर्नवरचा हात काढलाच नाही. आई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"अरं, कुणाची गाडी ही? ड्रायव्हर कुठाय?"

"मीच हाय, आई."

तिनं पायरीवर चढून केबिनीत वाकून पाहिलं. आत दुसरं कुणी नव्हतं. खाली उतरली आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं बायांनो, भाईर या! ड्रायव्हर माझाच हाय!"