धाकट्या बहिणीचं दुकान पाहायला: भंडारा ते चिखला

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. भंडाऱ्यातल्या आमच्या साडीच्या दुकानात एका बाईंनी अर्धं कपाट गादीवर उतरवायला लावलं, दोन साड्यांचे फोटो काढले, त्याच साड्या मोबाईलवर शोधल्या आणि "विचार करून सांगते" म्हणत उठल्या. मी घड्या घालत असतानाच माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनीचा, सिहोऱ्याहून फोटो आला. तिच्या दुकानाच्या दारात चपलांचा ढीग होता. खाली लिहिलं होतं, ताई, मंडईला ये.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्रभर नाटक चालतं. पण खरं सांगते, मी मंडईसाठी निघाले नाही. तीन वर्षांपूर्वी घराच्या पडवीत दुकान मांडणाऱ्या या मुलीचं आई फोनवर रोज कौतुक करते. त्यात कुठं खोट आहे ते मला बघायचं होतं.

भंडाऱ्याहून एसटीनं वरठी, मोहाडी करत तुमसर. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं हा प्रवास स्वस्तात होतो. तुमसरच्या स्टँडवर तर्री-पोहा खायला विसरू नका, फक्त तर्री जरा जपून घ्या. पुढं सिहोऱ्याला काळीपिवळी लागते. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर एसटीचीच वेळ विचारून ठेवा. दोन्ही बाजूंना धान कापून आडवं पडलं होतं, हवेत त्याचा कोरडा गोड वास होता. एरवी मी खिडकीतून डोळे काढले नसते. त्या दिवशी मात्र मागच्या सीटवरच्या दोघी बोलत होत्या, ब्लाउज सुनीताबाईकडेच शिवू, मापात चुकत नाही. सुनीताबाई म्हणजे आमची सुनीच. मी उरलेला रस्ता मोबाईलमध्ये मान घालून काढला.

सुनीच्या दुकानात साड्या थोड्याच, त्याही साध्या, रोजच्या. कोपऱ्यात मात्र मोबाईलवरून मागवलेल्या पार्सलांची थप्पी. आजूबाजूच्या टोल्यांवर, म्हणजे वाड्या-वस्त्यांवर, कुरिअरवाले जात नाहीत, म्हणून ते सगळ्यांची पार्सलं हिच्याकडे ठेवतात. बाया येतात, पार्सल इथंच फोडतात, आतल्या खोलीत घालून बघतात. नाही आवडलं तर सुनी तिथल्या तिथं परत पाठवून देते.

जे आपलं गिऱ्हाईक पळवतात त्यांचंच सामान तू सांभाळतेस, असं मी तिला म्हटलं. ती फॉल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या मांगवतेच ताई, मी नाही म्हटलं तरी. मग माह्या दारात येऊन उघडू दे ना. फॉल, पिको, ब्लाउज तं मलेच देते."

रात्री तिनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले. गरम, खुसखुशीत, अगदी आईच्या हातासारखे. तेही मला सहन झालं नाही. मंडईतलं नाटक बघताना माझं लक्ष स्टेजकडे नव्हतंच. माझं दुकान हिच्यापेक्षा चौपट मोठं आहे आणि दुपारी त्यात पंख्याचा आवाज ऐकू येतो, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी लांबची पार्सलं पोचवायला तिच्या छोट्या गाडीतून चिखल्याला गेलो. मँगनीजच्या खाणीचं गाव, रस्त्यावर ट्रकांची ये-जा; दुचाकीनं जाणार असाल तर तोंडाला रुमाल बांधा. खाण कामगारांच्या कॉलनीत गाडी थांबली आणि बायांनी सुनीला घेरलं. त्यात रेखाबाई होत्या. त्यांचे यजमान खाणीत आहेत. पुढच्या आठवड्यात मुलीचं लग्न होतं. मोबाईलवरून मागवलेला शालू त्यांनी सगळ्यांसमोर उघडला. फोटोत गर्द जांभळा होता, हातात आला तो फिकट आणि जाळीसारखा विरळ.

रेखाबाईंनी पदर दोन बोटांत धरून उजेडात बघितला आणि त्या तिथंच पायरीवर बसल्या. परत पाठवून दुसरा यायला वेळ नव्हता. सुनीकडे भारी साड्या नसतातच. बाया आता सुनीकडे बघत होत्या.

मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मी शोधत होते ती खोट सापडली होती. गर्द जांभळे शालू माझ्या कपाटात पडून होते आणि तरीही मी तोंड उघडत नव्हते.

सुनी माझ्याकडे वळली. "ताई, तुह्याकडे असन ना?"

मी आमच्या दुकानात व्हिडिओ कॉल लावला. आमच्या यजमानांनी शालू उलगडून दाखवले. रेखाबाईंनी बघितले आणि मान हलवली.

"एकदा फोटो पाहूनच फसली न मी," त्या म्हणाल्या. "आता हात लावल्याशिवाय नाही घेत."

तेव्हा मीच म्हटलं, चला माझ्यासोबत भंडाऱ्याला.

त्या आणि त्यांची मुलगी माझ्याबरोबर एसटीनं आल्या. संध्याकाळी गादीवर बसून त्यांनी सगळे शालू हाताळले, पोत चोळून बघितला. मुलीनं एक खांद्यावर टाकला आणि रेखाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तो घेतलाच, शिवाय मानपानाच्या साड्याही काढल्या. कित्येक महिन्यांत माझी गादी अशी भरली नव्हती. मी त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा चहा मागवला.

पिशव्या बांधून होताच रेखाबाईंनी फोन लावला. मला वाटलं घरी लावला असेल.

"सुनीताबाई, भेटला बरं शालू," त्या म्हणाल्या. "तुही बहीण आहे म्हून इथवर आली. नाही तं कोणावर भरोसा ठेवू?"

मग माझ्याकडे बघून हसल्या आणि सुनीला बोलायचंय म्हणून फोन माझ्या हातात दिला. जांभळा शालू विकला कोणी, हे तिला सांगावंसं वाटत होतं. पण तिनं आधीच विचारलं, ताई, पुढच्या खेपेला चिखल्याला येशील का, तुझा माल घेऊन?

जळफळाट गेला नाही, अजूनही नाही. मी तिची गाडी किती वाजता निघते ते विचारलं.