लुसिआनेचा रविवारचा खोकला

प्रशांत महासागरातल्या टोंगाच्या मोठ्या बेटावर, पश्चिम किनाऱ्याच्या एका गावात लुसिआनेसारखा खडा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. चर्चच्या गाणमंडळात ती अठरा वर्षं पहिल्या रांगेत उभी राहिली. चाळिशी उलटली आणि तिला खोकला लागला. नाक गळायचं, शिंका यायच्या, आणि स्तोत्राच्या दुसऱ्या कडव्यालाच छाती आवळून उबळ यायची.

मंडळाचे मास्तर हानितेली शिस्तीचे. एका रविवारी त्यांनी सगळ्यांदेखत गाणं थांबवलं.

"लुसिआने, तुझी सर्दी घेऊन घरी बस. सगळ्यांचे गळे घालवशील."

त्या दिवसापासून बायका तिच्यापासून सरकून बसू लागल्या. जेवणावळीत तिचा पेला वेगळा ठेवला जाऊ लागला. लुसिआनेनं मनात डूख धरला.

आठ महिन्यांनी ती दवाखान्यातल्या ओफेइना नर्सकडे गेली. ताप येतो का, अंग दुखतं का, घसा धरतो का, असं ओफेइनानं विचारलं. यातलं काहीच नव्हतं. मग खोकला कधी वाढतो? लुसिआने विचार करून म्हणाली, पहाटे, आणि रविवारी हमखास. रविवारी ती चर्चला जाण्याआधी उमूची, म्हणजे जमिनीतल्या चुलीची, खळगी पेटवायची, धुरात वाकून निखारे फुंकायची, मग अंग धुऊन प्रार्थनेला उभी राहायची.

"सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते," ओफेइना म्हणाली, "आणि ती रविवार बघून येत नाही."

दोन आठवडे रोज श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकून आकडा लिहायला तिनं सांगितलं. दोन्ही रविवारी आकडा धाडकन खाली आला. छातीत शीळ वाजत होती तीही ओफेइनानं ऐकली. हा दमा होता. दिसायला सर्दीसारखा, पण कुणालाही न लागणारा.

ते ऐकून दुसरीला हायसं वाटलं असतं. लुसिआनेच्या डोक्यात तिडीक गेली. कुणालाही न लागणाऱ्या दुखण्यापायी तिला आठ महिने वाळीत टाकलं होतं.

तिनं श्वासातून ओढायचं फवाऱ्याचं औषध नेमानं घेतलं, उमू पेटवायचं काम नवऱ्याच्या गळ्यात टाकलं आणि रस्त्यापलीकडच्या चर्चच्या मंडळात नाव घातलं. सासरचे सगळे जुन्याच चर्चचे; त्यांनी तोंड फिरवलं. तिनं पर्वा केली नाही. दरवर्षीच्या गायनस्पर्धेत ती हानितेलींच्या डोळ्यांत डोळे घालून गायली. एकदाही खोकली नाही. पलीकडचं चर्च जिंकलं.

त्या दिवशी हानितेलींना खरीच सर्दी होती. नाक लाल, आवाज बसलेला. स्पर्धेनंतरच्या जेवणावळीत लुसिआने मुद्दाम त्यांना खेटून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा, याला सर्दी म्हणतात. ही लागते. मास्तरांचा पेला वेगळा ठेवा."

लोक हसले. हानितेलींनी मान खाली घातली. ती मात्र जेवण संपेपर्यंत तिथून हलली नाही, सगळं डोळे भरून बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिचं नाक गळू लागलं, घसा दुखू लागला. साधी सर्दी आहे, म्हणत तिनं दुर्लक्ष केलं. पाचव्या दिवशी तिला एक वाक्य पुरं करता येईना. नवऱ्यानं तिला शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिथं नाकातोंडावर औषधाच्या वाफेचा मुखवटा चढवताना ओफेइना रागानं म्हणाली, "साध्या सर्दीनं दमा उसळतो, हे तुला सांगितलं नव्हतं? खेटून बसायला हाच माणूस सापडला?"

लुसिआनेला पश्चात्ताप मात्र नव्हता.

हानितेली भेटायला आले. कमरेला, तिथल्या आदराच्या रीतीप्रमाणे, चांगली चटई गुंडाळलेली, हातात अळूच्या पानांत शिजवलेल्या मांसाची टोपली. झालं गेलं विसर, परत मंडळात ये, म्हणाले. लुसिआनेनं मुखवटा बाजूला केला.

"मास्तर, मला घालवलंत चारचौघांत. माफी मात्र इथं, पडद्याआड?"

पुढच्या रविवारी हानितेलींनी गाणं सुरू होण्याआधी उभं राहून सांगितलं, की लुसिआनेचा खोकला दम्याचा होता, तो कुणाला लागत नाही, आणि चूक आपली होती. लुसिआनेनं ते रस्त्याच्या कडेला उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. मग ती वळली आणि पलीकडच्या चर्चमध्ये, आपल्या नव्या मंडळात जाऊन उभी राहिली.

ती परत गेली नाही. हानितेली रस्त्यात भेटले की आधी मान लववतात. ती कधी लववते, कधी नाही.