नुसत्या पट्ट्यांवरचं गाणं

हार्मोनियमचं झाकण काढलं की जुन्या चामड्याचा वास येतो आणि चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांतली दुपार आठवते. पप्पांना चाकणच्या कंपनीत कायम नाईट, त्यामुळे दिवसा ते झोपलेले असायचे. शाळेत बाई ओरडायच्या, "अगं, मोकळं वाजव!" घरी मात्र मी भाता न हलवता नुसत्या पट्ट्या दाबायचे. बाहेर फक्त टकटक, सूर सगळे डोक्यात.

एकदा मी मध्येच थांबले. डोळ्यांवरचा हात न काढता पप्पा पुटपुटले, "थांबलीस का गं? वाजव की पुढचं. त्याबिगर झोप लागत न्हाई मला."

पप्पा गेल्यापासून घरात दिवसा कुणी झोपत नाही. भाता खुशाल उघडता येतो. पण पहिलं गाणं मी अजून नुसत्या पट्ट्यांवरच वाजवते.