ओरडायची जागा

माझ्या नवऱ्याला काही सांगायचं तर ओरडावं लागायचं. सुरतेत, उधन्यातल्या कापडाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं लूम चालवून त्यांचे कान गेले होते. नवागामला एका खोलीत आम्ही दोघं, मोठे दीर, जाऊ आणि त्यांची मुलं. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्या भिंतींना तोंडंही होती. भाजी खारट झाली हे ह्यांना कळायच्या आत गल्लीला कळायचं. मग मनातलं बोलायचं कुठे? लग्नाला चार वर्षं झाली तरी मी ते बोललेच नव्हते.

त्यात दिवाळीच्या तोंडावर घरात ठरलं, की मी आता गावीच राहायचं. सासूबाईंना म्हशीपाशी, शेतात हात हवा होता. हात जावेलाही होते, पण ते कुणाला दिसले नाहीत. मला कुणी विचारलं नाही. मी लूमच्या बॉबिनी भरून कमवत होते, सुरतेत रुळले होते, आणि नवऱ्यापासून लांब राहायला मी लग्न केलं नव्हतं. पण हे ओरडून सांगितलं असतं तर आधी दिरांनी ऐकलं असतं आणि मी बेशरम ठरले असते. म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

दिवाळीला लूम बंद झाले. मला गावी सोडायला हे निघाले. भुसावळ पॅसेंजर सोनगडच्या पुढे एका लहानशा स्टेशनावर क्रॉसिंगला थांबली. आमची माणसं ह्या गाडीतून थेट आपल्या गावालाच उतरतात, तेही लग्नाला नाहीतर मौतीला. समोर हिरवागार डोंगर होता. मी पेटी उचलली आणि उतरले.

"हाई आपलं टेसन नही शे!" ओरडत हे मागोमाग उतरले, तोवर गाडी सुटली.

पेटी पोर्टरपाशी ठेवली. तो म्हणाला, वर ओढा आहे. गुरांच्या वाटेने मी पुढे, हे धुसफुसत मागे. सागाच्या पानांची किड्यांनी जाळी केली होती. दोनदा वाट चुकली, बांबूच्या बेटात अडकलो, लुगडं फाटलं. एका मोठ्या धोंड्याला वळसा घातला आणि समोर डोह! तळातला गोटान् गोटा दिसत होता. माणसाचा मागमूस नव्हता.

ह्यांनी रागारागाने पाय पाण्यात सोडले. मासोळ्या तळव्यांना टोचायला लागल्या तसे खुदकन हसले. मग पाणी कुठून येतं ते बघायला खडकावर चढले, वरून मला हाका मारायला लागले. मीही चढले. वर आणखी एक लहान डोह होता, त्यात गळ्यापर्यंत बसलो. सहल काय शेठ लोकांनीच करायची? वाटेसाठी बांधलेल्या भाकरी तिथेच खाल्ल्या.

मग मी उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मी गावले जावाव नही! तुम्हले ऐकू येस का?"

चार वर्षांचं सगळं ओरडले. जावेचं, म्हशीचं. तुम्ही मला आवडता, हेसुद्धा ओरडूनच सांगितलं. लाज वाटली नाही.

"घर का बरं नही सांगं?" त्यांनी विचारलं. मी कपाळाला हात लावला. मग त्यांनी भाकरीचं फडकं गुंडाळलं. "माय काय म्हनी?" एवढंच म्हणाले.

उन्हं कलताना स्टेशनावर आलो. गावाकडची गाडी आधी आली. त्यांनी पेटी उचलली, डब्यात चढले आणि मला हात दिला. मी बाकावरून हलले नाही. ओरडलेही नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं. त्यांनी हात तसाच धरून ठेवला होता. शिट्टी झाली, गाडी हलली. आधी पेटी खाली आली, मागून ते.

पेटी माझ्या पायाशी ठेवून ते शेजारी बसले आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं पोर्टरला विचारलं, "सुरतनी गाडी कव्हय शे?"