आत्याने न पाहिलेलं घर

माझी आत्या कपडे शिवायची. गिऱ्हाईक बाई दारात उभी राहिली की टेप काढायच्या आधीच सांगायची, "अंगाने सुटलीयेस गं गेल्या खेपेपेक्षा." त्यामुळे तिच्याकडे कपडे सुंदर शिवून मिळायचे, पण बायका घरी परतताना जरा घुश्श्यातच असायच्या. डावा पाय अधू असल्यामुळे ती झुकत चालायची. जीभ मात्र ठणठणीत होती.

तिच्या नवऱ्याला मी कधी काका म्हटलं नाही. तो माणूस परदेशात कामाला गेला आणि तिकडचाच होऊन बसला. आधी फोन यायचे, मग ते अधूनमधून येऊ लागले, मग बंदच झाले. आत्याने कोणापुढे रडगाणं गायलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "आहे तिकडे. खातोय, पितोय." या उत्तराने माझं डोकं फिरायचं. अशा माणसाच्या नावाने निदान एकदा तरी कडाकडा बोटं मोडावीत की नाही! पण ती त्याची वाट बघत होती, आणि तसं म्हटलं की माझ्यावरच खेकसत होती.

मग एका दुपारी तिकडच्या वकिलाचा फोन आला. तो माणूस वारला होता आणि त्याचं तिथलं घर आता आत्याचं झालं होतं.

नेमकं तेव्हाच आत्याच्या घरमालकाने तिला जागा सोडायला सांगितलं होतं. तिच्या दोन खोल्या पाडून त्याला तिथे दुकानं काढायची होती. माझ्याकडे राहायला चल म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची बटणं लावत बसू का मी जन्मभर?" तेव्हा तिच्या डोक्यावर छप्पर राहणार की नाही, हे आता त्या न पाहिलेल्या घरावर ठरणार होतं. ते चांगल्या भावाने विकलं गेलं तर इथे तिला स्वतःचं काही घेता येणार होतं. भाड्याने दिलं तर इथल्या भाड्याची जेमतेम तोंडमिळवणी झाली असती.

आत्याला तिकडे जाणं काही शक्य नव्हतं. ओळखीपाळखीतून तिथला एक घरांचा दलाल मिळाला. आपल्याच भाषेतला, गोड बोलणारा, हातात कायम मोजायची टेप. आम्ही त्याचं नाव टेपवाला ठेवलं. तो घर बघणार, आम्हाला फोनवर दाखवणार आणि मग विकायची किंमत आणि भाडं दोन्ही कळवणार, असं ठरलं.

त्याची कामाची एक पद्धत होती. खिशात किल्ली असली तरी तो आधी दार वाजवायचा आणि ओ येते का ते ऐकत उभा राहायचा. आम्ही आत्याच्या घरी बसून फोनमधून पाहत होतो, तेव्हाही त्याने तेच केलं.

"अरे, किल्ली आहे ना तुझ्याकडे? मग वाजवतोस कोणाला?" आत्याने विचारलं.

"मावशी, मालक लांब असला की घरात कोण येऊन राहिलंय याचा पत्ता नसतो. मोकळं घर आणि राहतं घर, भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून आधी विचारून घेतो."

आतून ओ आली नाही. त्याने कुलूप काढलं.

दाराच्या आत बायकांच्या चपला होत्या. टेपवाल्याने फोन खाली नेऊन दाखवल्या. जुन्या, वापरून वापरून मऊ झालेल्या, आणि डाव्या चपलेची आतली कड पार झिजलेली. मी आत्याच्या दाराशी काढलेल्या तिच्या चपलांकडे पाहिलं नाही. तिथे काय दिसणार ते मला ठाऊक होतं.

टेपवाला पुढे चालू लागला, तशी आत्या एकदम म्हणाली, "जपून हं. स्वयंपाकघरात शिरताना पायरी आहे."

तो थबकला. खरंच पायरी होती. "मावशी, तुम्ही तर इथे कधी आलाच नव्हता ना?"

"नाही रे बाबा."

आत्याच्या इथल्या स्वयंपाकघराच्या तोंडाशीही अशीच पायरी होती. तिच्याखालून शेजाऱ्यांचा सांडपाण्याचा पाइप जायचा, म्हणून ती कधीकाळी बांधावी लागली होती. टेपवाल्याने तिथली पायरी बुटाने ठोकून पाहिली. "भरीव आहे. खाली पाइप नाही, काही नाही. उगाच सपाट जमिनीत पायरी घातलीय. याचे पैसे कापले जाणार बघा."

मग त्याने खिडकी उघडली आणि हसायलाच लागला. बाहेर चांगली ऐसपैस मोकळी जागा होती, पण खिडकीपासून हातभर अंतरावर कोणीतरी एक भिंत उभी केली होती. फक्त खिडकीपुरती. आत्याच्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती, अगदी तेवढ्याच अंतरावर. घराची किंमत मातीत घालायची तर अशी घालावी, असं टेपवाला म्हणाला.

मला आता नीट कळलं. त्या माणसाने तिकडे आत्याचंच घर बांधलं होतं, गैरसोयींसकट. आत्याचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला आणि माझं पित्त खवळलं. एवढी आठवण येत होती तर बांधकाम कशाला, तिकीट काढायचं! मी ते बोलणार, तेवढ्यात टेपवाला बाहेरच्या खोलीत वाकून फरशी बघू लागला.

"इथे मधोमध भिंत होती, मावशी. नंतर पाडलीय. हा बघा, सिमेंटचा पट्टा दिसतोय."

आत्याचा हात माझ्या मनगटावर आला. गार पडला होता. तिच्याही बाहेरच्या खोलीत तसाच पट्टा होता. मशीन उजेडात यावं म्हणून आत्याने ती आडभिंत पाडून घेतली होती. पण ती पाडली तेव्हा त्याचे फोन बंद होऊन किती तरी काळ लोटला होता. त्याला हे कळवणारं कोणी नव्हतं. मी तर त्याच्याशी बोलायला मेले तरी गेले नसते.

"योगायोग असेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पटला नाही.

टेपवाला शेजारी चौकशी करायला गेला. तो परत फोनवर आला तेव्हा घराबाहेर, चांगला भर उन्हात उभा होता, आणि टेप खिशात गेली होती.

"मावशी, शेजारच्या आजीबाई म्हणतात, घर मोकळं कुठाय? म्हातारे गेले, पण त्यांची बायको आहे की आत. म्हणे रोज संध्याकाळी दोघं जेवायला बसायची. ती कोणाशी बोलत नाही, पण पुढच्या खिडकीच्या फटीतून दिसते. एक पाय ओढत चालते." "मी सगळं घर पाहिलं, कपाटंसुद्धा उघडली. कोणी नाही. पण शेजारी असं सांगत असतील तर मी घर मोकळं आहे असं लिहू कसा? एकही गिऱ्हाईक टिकणार नाही."

मला वाटलं, आत्या घाबरेल. पण ती संतापली. इतकी वर्षं मी ज्या संतापाची वाट पाहत होते तो आता आला, आणि त्या माणसावर नाही, तर त्या बाईवर!

"मी इथे एकटीने गिळत होते, आणि ही बया तिथे त्याच्यासमोर बसून जेवत होती!"

"आत्या, कोण बया? ती तूच आहेस. तुझ्याच आठवणीने केलं ना त्याने हे सगळं?"

"मी कशी असेन? मला कोणी जेवायला हाक मारली होती का?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या वाट्याचं सगळं तिने घेतलं. आता माझं छप्परही अडवून बसलीय."

तिने टेपवाल्याला सांगितलं, फोन स्वयंपाकघरातल्या पायरीवर ठेव आणि तू बाहेर जा. त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. मग तिने मलाही बाहेर घालवलं आणि आतून कडी लावली.

मी दाराला कान लावला. शब्द कळत नव्हते. आत्याचा आवाज चढला, थांबला, पुन्हा आला. मग बराच वेळ शांतता, आणि मग आत्याचं "हं". पुन्हा शांतता, पुन्हा "हं". माझ्या आत्याने समोरच्याचं बोलणं इतका वेळ मुकाट ऐकून घेतल्याचं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा तिचा राग पार उतरला होता. "त्याला म्हणावं, आता मोकळं लिही," ती म्हणाली.

टेपवाल्याने त्या आजीबाईंकडे पुन्हा विचारणा केली, आणि मगच लिहिलं. खिडकीत आता कोणी दिसत नाही, असं त्या स्वतःहून म्हणाल्या. पायरीचे आणि भिंतीचे पैसे कापूनही घर बरं गेलं. आत्याने इथे एका इमारतीत वरच्या मजल्यावर दोन उजेडाच्या खोल्या घेतल्या आणि मशीन खिडकीशी मांडलं.

मी विचारायचं टाळत होते. पण एका संध्याकाळी ती कापड बेतत बसली होती, तेव्हा राहवलं नाही. "त्या दिवशी काय बोललीस गं?"

"हाकलायलाच गेले होते," ती म्हणाली. "म्हटलं, मी त्याची लग्नाची बायको. हे घर माझं. नीघ. तर म्हणाली, मग इतकी वर्षं मी कोण होते?"

तिने कात्री खाली ठेवली.

"मग मीच विचारलं, तुझ्याशी बरा वागायचा का? म्हणाली, रोज हाक मारायचा. मी रोज ओ द्यायचे. त्याला कधी ऐकूच गेली नाही." आत्या रडायला लागली, अगदी लहान मुलीसारखी, नाक ओढत. "म्हणजे तिची तरी काय वेगळी गत गं? मला उगाच वाटलं, ती सुखात होती."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने, विचारू नये ते विचारलं. "मग ती गेली कुठे?"

"जाणार कुठे? तिला तरी दुसरं कोण आहे?" आत्याने डोळे पुसले. "मी म्हटलं, माझ्याकडे ये."

मी जायला उठले. चपला घातल्या. दार ओढून घेत होते, तर आतून आत्याची हाक आली, "पुरतं ओढून बंद करू नकोस हं, नुसतं लोटून घे. लांबून यायचंय तिला."

मी दार लोटून घेतलं. आणि जिना उतरताना भिंतीला चिकटून एका कडेने उतरले, समोरून कोणी येत असलं तर तिला जागा असावी म्हणून.