वैरानं राखलेली रुदंती

गोजरबाईचा त्या झुडपांवर भारी जीव होता, असं हल्ली लोणारात कोणीही उठून पाहुण्याला सांगतं. ऐकलं की माझं डोकं फिरतं. जीव कसला! बाई रोज सकाळी तळ्याकाठी उतरायची ती त्यांना शिव्या घालतच. "मरत काऊन नाही वं, रांडाहो?" हे तिचं पहिलं वाक्य.

आमच्या तळ्याचं पाणी खारट. काठावर, गोजरबाईच्या केळीच्या शेताखाली, रुदंतीचा एक पट्टा होता. वीतभर उंचीचं राखाडी झुडूप. हिवाळ्यात सकाळी पानांवरून खारट थेंब गळतात, म्हणून नाव रुदंती. कोकणात खाडीकाठी ती उगवते म्हणे. वऱ्हाडात तिला एवढाच समुद्र.

तिच्या रसात पारा घोटला की सोनं होतं, असा एक खुळा समज. गोजरबाईचा नवरा महादेवराव त्या नादाला लागला. सोन्याला सोन्याचंच बी लागतं म्हणून बाईच्या पुतळ्या, डोरलं, सगळं मुशीत गेलं. सोनं झालं नाहीच, उलट पाऱ्याच्या धुरानं त्याचे दात पडले, हात लटपटू लागले, शेवटी तो बायकोलाही ओळखेना. तो मेला तेव्हा बाई रडली नाही. तेरावं आटोपलं आणि विळा घेऊन काठावर उतरली, अर्धा पट्टा उपटून टाकला.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर ढीग गायब. जडीबुटीवाल्यांनी तो वाळवायला नेला होता. चिडून तिनं उरलेल्यातला एक कोपरा पेटवला, तर डोणगावचा वैद्य राख भरायला फडकं घेऊन हजर. या खुळ्यांना राखही चालत होती! उपटली तरी नेणार, जाळली तरी नेणार. मातीत जिवंत उभी आहे तोवरच रुदंती कुणाच्या कामाची नाही, हे बाईला तिथं कळलं. ज्या झुडपानं घर खाल्लं तेच मग ती जगवायला लागली, कुणाच्या हाती लागू नये एवढ्याचसाठी.

काट्यांचं कुंपण घातलं, हातात बाभळीचा दांडा घेतला. वैदू, बैरागी, तळ्यातला खार काढायच्या ठेक्यावरचे मजूर, सगळ्यांनी तो दांडा खाल्ला. नागपूरहून आलेल्या एका साहेबाला नमुना हवा होता, त्याच्या पट्टेवाल्यालाही तिनं पळवून लावलं. पण खरं वैर शेजारच्या सरवरीशी. सरवरीच्या बकऱ्यांना तो खारट पाला फार आवडे. त्यातली एक गोजरबाईनं अशी हाणली की ती कायमची लंगडी झाली. दोघींची भांडणं तळ्याच्या खळग्यात घुमत आणि वर गावात ऐकू येत.

मग शेषराव मोठा झाला. एकुलता एक मुलगा, आणि डोक्यात बापाचंच खूळ. एके दिवशी तो विळा घेऊन कुंपणात शिरला.

"माय, बाजूले हो. बाबाले जमलं नाही, मले जमते."

"तुह्या बापाचे पडलेले दात म्या वेचले बे. तुहे नाही वेचणार."

त्यानं विळा लावला. तिनं दांडा घातला, त्याच्या मनगटावर. हाड मोडलं. शेषराव जळगाव जामोदला निघून गेला आणि तिच्या हयातीत परत आला नाही. पोटच्या पोराचा हात मोडणारी आई मला अजून पटत नाही. तिनं मोडला नसता तर त्याचं काय झालं असतं, हेही मला चांगलं ठाऊक आहे. दोन्हीचा राग येतो.

एका हिवाळ्यात गोजरबाई तापानं गेली. शेषरावानं येऊन अग्नी दिला. मनगट वाकडंच राहिलं होतं. राख सावडून झाली तसा तो पोतं आणि विळा घेऊन तळ्याकाठी उतरला. अर्धा गाव वर खळग्याच्या कडेला उभा राहून बघत होता. जागा आता त्याची, अडवणार कोण?

कुंपणाच्या तोंडाशी सरवरी उभी होती. हातात गोजरबाईचा दांडा.

"मावशी, हट. जागा माही हाय."

"असंन. तुह्या मायनं माह्या बकऱ्यांले एक पान खाऊ देलं नाही. तुले सारं नेऊ देऊ काय बे?"

तो पुढं सरकला. सरवरीनं दांडा उचलला. "एक हात शाबूत हाय ना अजून?"

शेषराव थांबला. मग रिकामं पोतं खांद्यावर टाकून चढणीला लागला.

तेवढ्यात सरवरीच्याच बकऱ्या मागून पाल्याकडे सरकल्या, लंगडी सगळ्यात पुढं. सरवरी गर्रकन वळली आणि दांडा उगारून ओरडली, "मरत काऊन नाही वं, रांडाहो?"