पिशवीखालची अक्षरं

पोटातून निघालेलं पाणी स्वच्छ आहे का, हे पाहायची आमच्या घरातली रीत सोपी. भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली तर ठीक. त्या गुरुवारी सकाळी मला मथळासुद्धा वाचता आला नाही. पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं, आणि बायको पोट आवळून भिंतीला टेकली होती.

"तुझ्या भावाचा पंखा!" मी ओरडलो.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्यावर मशीनवरचं डायलिसिस तिला झेपेना. दोनदा बीपी उतरून ती बेशुद्ध पडली. म्हणून पोटात नळी बसवली. दिवसातून चार वेळा औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं. "तीनवर नाही का भागणार?" असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. लालबागेत मसाला कुटायच्या एका डंकावर मी दुकान उभं केलं, घासाघीस केल्याशिवाय मूठभर मिरचीही घेत नाही. डॉक्टर हसले नाहीत. पिशवी जोडताना दार-खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने धुतलेले, एवढं सिस्टरनी आमच्याकडून घोकवून घेतलं. उघड्या नळीतून जंतू सरळ पोटात जातो. मी चाळीतली आतली खोली रिकामी करून दिली. दुकानातून आलो की कपडे गॅलरीत काढायचे आणि अंघोळ करूनच आत जायचं.

माझा मेहुणा गिरगावात राहतो. बहिणीला किडनी देतो म्हणाला, सगळ्या तपासण्या करून घेतल्या, आणि कागदांवर सही करायच्या दिवशी फोनच उचलला नाही. तो त्या मंगळवारी बर्फीचा बॉक्स घेऊन आला. ही आत पिशवी जोडत होती. याने दार ढकललं.

"ताई, केवढी घामेजलीस गं!" म्हणत बटण दाबलं.

"बंद कर तो!" मी धावलो. "किडनी दिली नाहीस ती नाहीस, आता जंतू देतोस?"

"भावोजी, मला खरंच माहीत नव्हतं..."

"सहीच्या दिवशीही नव्हतं!"

बॉक्स तसाच ठेवून तो जिना उतरला.

गुरुवारी परळच्या हॉस्पिटलात तिला दाखल केलं. पाण्याचा नमुना तपासायला गेला, पिशवीतूनच अँटिबायोटिक सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, पाच दिवसांत पाणी निवळलं नाही तर नळी काढावी लागेल. म्हणजे पुन्हा मशीन.

"पाचाचे सात करा ना, साहेब."

"काका, इथे भाव होत नाही."

मग सिस्टरनी नळीभोवतीची पट्टी उचलली. "हे पिवळं काय?"

"हळद," मी म्हणालो. "आठवड्यापूर्वी जरा लाल दिसलं होतं. माझी स्वतःची आहे, सिस्टर. हळकुंडं निवडून माझ्यासमोर कुटलेली. कणभर भेसळ नाही."

"भेसळ नसेल, जंतू असतात ना. लाल दिसलं त्याच दिवशी फोन का नाही केलात?"

"पण पंख्यामुळेच झालं असेल ना हे?"

"पंख्यानेही होतं, हळदीनेही होतं. पंखा किती वेळ फिरला आणि हळद किती दिवस होती, ते तुम्हीच सांगा."

मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "अहो, सिस्टरना विचारा तरी." मी तिला झापलं होतं, "मला हळद शिकवतेस?"

त्यानंतर मी फक्त पिशव्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी खालचं काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी फोटोतल्या माणसाचं डोकं दिसलं. चौथ्या दिवशी मथळा दिसला असं मी म्हणालो, सिस्टर म्हणाल्या, "घाई करू नका." तिचा ताप उतरत नव्हता. मेहुणा रोज यायचा आणि तोंडाला मास्क लावून वॉर्डाच्या दाराबाहेर उभा राहायचा. मी त्याला आत ये म्हणालो नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पिशवी भरली. ती पेपरवर ठेवली आणि माझ्या डोळ्यांवरचा माझाच भरवसा उडाला. मला हवं तेच दिसलं असतं. मी दाराकडे वळलो.

"हात धुऊन ये. वाच."

तो वाकला. "मोठं वाचू की बारीक?"

"बारीक."

"शिलाई मशीनवर... काम करणाऱ्या महिला पाहिजेत. अनुभव... अनुभव नसला तरी चालेल."

सिस्टरनी पिशवी उचलून उजेडात धरली आणि मान डोलावली. नळी वाचली होती. बायको पलंगावर रडायला लागली.

मी मेहुण्याला म्हणालो, "पंख्याचं सोड. मी हळद लावली होती."

"ताईने परवाच फोनवर सांगितलं."

"मग दोन दिवस बाहेर गप्प काय उभा होतास?"

"तुम्ही आत बोलवाल म्हणून, भावोजी."

मी त्याला स्टूल दिलं. किडनीचं मी विसरलेलो नाही, तेही त्याला तिथेच सांगितलं.